भोकांचा अंगरखा

आमच्या गल्लीत पहाटे कोंबड्याच्या आधी माग आरवतो. एक सुरू झाला की त्याला ओ द्यावी तसा पलीकडच्या शेडमधला दुसरा, मग तिसरा. आणि चहाचं आधण उकळेपर्यंत सोलापूरच्या भद्रावती पेठेची सगळी हवा खडखडायला लागते. परगावचा पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नाही, आणि आम्ही परगावी गेलो की आम्हाला. या खडखडाटातून चादरी निघतात, टॉवेल निघतात, लग्नात आहेर म्हणून जातात, तिथून न उघडताच पुढच्या लग्नात जातात, आणि काही तर चार-पाच मांडव फिरून मूळ घरी सुखरूप परत येतात. अशा गावात, निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, मी खिडकीपाशी बसून तारेच्या कड्यांचं कापड विणायला घेतलं. पंढरपुरात राहून बुक्क्याऐवजी कपाळाला तव्याची काजळी लावावी, तसा हा प्रकार. गल्लीनं तो मोठ्या मनानं पोटात घातला. बँकेत तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजलेल्या माणसाचं पुढं काहीतरी होणार, याची तिला कल्पना असावी.

निमित्त नातवाचं. त्याला शाळेच्या कार्यक्रमात शिवाजी महाराज व्हायचं होतं. बाजारात त्यासाठी सगळं तयार मिळतं: दाढी, कवड्यांची माळ, आणि चिलखत म्हणून एक चंदेरी प्लॅस्टिकचा तुकडा, ज्यावर कड्यांचं चित्र छापलेलं असतं. तो तुकडा हातात घेतला आणि माझ्या नाकात एकदम टर्पेंटाइनचा वास शिरला. चौथीत असताना आमच्या स्नेहसंमेलनात प्रतापगडाचा प्रवेश होता. मला सय्यद बंडाचं काम मिळालं होतं; म्हणजे रंगमंचावर यायचं, तलवार उगारायची आणि जिवा महालाकडून हात तोडून घ्यायचा. संवाद एकही नव्हता. पण चिलखत होतं! चित्रकलेच्या सरांनी एक जुनी मच्छरदाणी कापून तिला चंदेरी रंग फासला होता, आणि तो रंग प्रयोगाच्या दिवसापर्यंत वाळला नव्हता. मच्छरदाणीचा आयुष्यभराचा अनुभव असा की डास नेमके आतच राहतात. तसा एक आतच होता. विजापूरच्या दरबाराचा तो शूर पट्टेकरी पडद्यामागे उभ्याउभ्या पाठ खाजवत होता, आणि हात तुटल्यावर सुटलोसं वाटून त्यानं दुसऱ्या, शाबूत हातानं ती मनसोक्त खाजवली. टाळ्या मला पडल्या की जिवा महालाला, हे कोडं अजून सुटलेलं नाही. पुढं कळलं की मोठमोठ्या चित्रपटांतसुद्धा हेच चालतं. १९७५ च्या एका गाजलेल्या इंग्रजी विनोदी चित्रपटातल्या सरदारांची चिलखतं चक्क लोकरीनं विणून चंदेरी रंगवलेली होती. आमच्या सरांना हे सांगायला हवं होतं.

तेव्हा ठरवलं, नातवाला खरं चिलखत करायचं. खरं म्हणजे निदान खऱ्या कड्यांचं.

या निमित्तानं एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करून टाकतो. कित्येक वर्षं माझी समजूत अशी होती की जिरेटोपाचा फोडणीशी काहीतरी संबंध असणार. लहानपणी वाटायचं, टोपावर जिऱ्याएवढे बारीक खिळे मारलेले असतील. पुढं शब्दकोशात पाहिलं तर तिथला ‘जिरे’ हा फारसीतला ‘जिरह’ निघाला. जिरह म्हणजेच कड्यांचं चिलखत. लढाईच्या टोपाला मागून कड्यांची झालर लोंबत असे, मान आणि खांदे झाकणारी. म्हणजे मराठी माणूस रोज एक चिलखताचा शब्द उच्चारतो आणि मनात मात्र मोहरी-जिरं तडतडतं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली टोप घातला होता, असं आपण ऐकत वाढलो. आम्हा सोलापूरकरांना ती गोष्ट जरा जास्त जवळची वाटते, कारण अफझलखान निघाला तो विजापुराहून, आणि वाईला पोचायच्या आधीची त्याची वाट आमच्याच मुलखातली: तुळजापूर, पंढरपूर. खानाच्या अंगात चिलखत नव्हतं म्हणतात. मला लहानपणी त्याचं नवल वाटे. आता एप्रिलमध्ये चव्वेचाळीस अंशांत खिडकीपाशी बसून कड्या ओवताना वाटतं, विजापूरच्या उन्हाळ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ते नोव्हेंबरातसुद्धा नकोसं झालं असेल.

तार घ्यायला गेलो तर दुकानदारानं आधी विचारलं, “किती फुटांचा स्लॅब?” बांधकामाखेरीज कुणी तार घेतं, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मी म्हटलं, चिलखत करायचंय. त्यानं क्षणभर विचार केला आणि अदबीनं म्हणाला, “ते सेंटरिंगवाल्याला विचारा.” शेवटी सोळा गेजची ॲल्युमिनियमची तार किलोच्या भावानं मिळाली. आता ती वळायची कशावर? पहिल्या दिवशी पेन्सिलीवर वळायला गेलो, पेन्सिल मोडली. दुसऱ्या दिवशी लाटण्यावर हात टाकला तेव्हा स्वयंपाकघरातून नुसतं “अहो” एवढंच आलं, पण ते पुरेसं होतं. तिसऱ्या दिवशी समोरचे अण्णा गेट उघडून आत आले. अण्णा म्हणजे जन्मभर मागावर उभं राहिलेला माणूस; आजोबा तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मागाशी बोलायची एक तिसरीच भाषा. मुलांनी आता मागांचा शेड भाड्यानं दिलाय, पण अण्णांची बोटं निवृत्त व्हायला तयार नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्याच्या अंगावर नवं कापड दिसलं की ते त्याला थांबवतात, बोट जिभेला लावून ओलं करतात, कापडाच्या कडेला घासतात, बोट उजेडात धरतात आणि निकाल देतात: पक्का किंवा कच्चा. एका नवरदेवालाही त्यांनी असंच थांबवलं होतं. घोड्यावर होता बिचारा, त्याला वाकावं लागलं.

“काय करायलाव सायेब?”

सांगितलं. अण्णा हसले नाहीत. घरी जाऊन कांड्या भरायचा जुना चरखा घेऊन आले, त्याची चाती काढली, तिच्या जागी आठ मिलिमीटरची सळई बसवली आणि हात फिरवायला लागले. तार सळईभोवती अशी अंग चोरून बसत गेली की जणू तिला सूत असल्याची आठवण झाली. दहा मिनिटांत हातभर लांबीची स्प्रिंग तयार. ती सळईवरून उतरवून कटरनं उभी छाटत गेलं की एकेक वेढा सुटा होतो, आणि ताटात पावसाचे मोठे थेंब पडावेत तशा कड्या पडतात. त्या आवाजाला अण्णांनी कान दिला आणि म्हणाले, “मागाचा आवाज लहान असताना असाच असणार.” अण्णा कवी नाहीत. त्यांना फक्त आवाज फार कळतात.

पुढची कृती सोपी आहे, म्हणजे ऐकायला. दोन पकडी घ्यायच्या. कडी कधी फाकवायची नाही; फाकवली की ती जन्माची वाकडी होते. तिची दोन तोंडं आडवी पिळायची, एक पुढं, एक मागं, जसं दार उघडतो तसं. मग तिच्यात चार मिटलेल्या कड्या ओवायच्या आणि दार लावून घ्यायचं. प्रत्येक कडी चौघींच्या हातात हात घालून बसते. इथं एखादा प्रवचनकार कुटुंबावर, समाजावर, राष्ट्रावर घसरला असता. मी बँकेतला माणूस, मला त्यात फक्त चार जामीनदार दिसले. आठ मिलिमीटरच्या कडीला तीन सेंटिमीटर तार लागते. सात वर्षांच्या पोराच्या छातीपाठीला कड्या लागतात तीन हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण नव्वद मीटर तार आणि वजन अर्धा किलो. सुरुवातीला तासाला साठ कड्या जमायच्या, त्यातल्या दहा जमिनीवर आणि दोन-तीन चपलेत.

हातभर पट्टी झाली तेव्हा अण्णा परीक्षेला आले. त्यांनी ती उलटीसुलटी केली, कडा चाचपल्या आणि खिन्नपणे म्हणाले, “यात ताणा कुठाय? बाणा कुठाय?” त्यांचा प्रश्न योग्य होता. कापडाला उभं-आडवं असतं. उभे धागे आधी ताणून बसलेले असतात, शिस्तीत, वडीलधाऱ्यांसारखे. आणि आडवा धोट्यातून येतो, जातो, पुन्हा येतो, घरातल्या पोरासारखा. माझ्या पट्टीत सगळ्याच कड्या सारख्या, कुणी थोरली नाही, कुणी धाकटी नाही. मी बचाव केला की हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं तंत्र आहे, रोमन लोकांनी ते केल्ट लोकांकडून उचललं, वगैरे. अण्णांना रोमचं काही पडलं नव्हतं. त्यांनी पट्टी खुंटीला टांगली, पाहिली. मग फिरवून आडवी टांगली, पुन्हा पाहिली. आणि त्यांचा चेहरा उजळला. एका बाजूनं टांगलं की कड्या मिटून घेत होत्या, दुसऱ्या बाजूनं टांगलं की पसरत होत्या. “आहे की ओ ताणा! लपून बसलाय.” तेव्हापासून त्यांच्या लेखी ते कापड झालं. आणि कापड म्हटल्यावर त्यांनी बोट जिभेला लावलं, कडीवर घासलं, उजेडात धरलं. बोट करडं झालं होतं.

“रंग कच्चा आहे, सायेब.”

ॲल्युमिनियमचा हा दुर्गुण मला ठाऊक नव्हता. तो हळूहळू सगळ्यांना ठाऊक झाला: बनियनला, उशीच्या अभ्र्याला, दुधाच्या पातेल्याच्या कानाला. भौगोलिक मानांकन मिळवलेल्या सोलापुरी टॉवेलनं जगभरातलं किती पाणी टिपलं असेल, पण आमच्या घरातल्या टॉवेलांनी त्या महिन्यात जे टिपलं ते पुन्हा कुठल्याही पाण्यानं निघालं नाही.

दुपारच्या त्या तासांत मन मोकाट फिरायचं, कारण बोटांना काम असलं की मनावर कुणाची देखरेख नसते. एकदा विचार आला की आपण जे करतोय त्यात वस्तूपेक्षा भोकंच जास्त आहेत. तीन हजार कड्या म्हणजे तीन हजार भोकं. वारा आत येतो, पाऊस आत येतो, शिवी आत येते, सुईसुद्धा येते. अडते ती फक्त तलवारीची धार. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एवढ्या एका भीतीसाठी आठ-दहा किलो भोकं अंगावर वागवत होती. मग बंदुका आल्या. चिलखताची कामगिरी संपली, पण ते निवृत्त होऊन घरी बसलं नाही, माझ्यासारखंच छंदाला लागलं. एकोणिसाव्या शतकातली आपल्याकडची पुष्कळशी चिलखतं निव्वळ मिरवायची आहेत. जुन्या लढाऊ चिलखतात कड्यांची तोंडं बारीकशा रिव्हेटनं बंद केलेली असायची. या मिरवणाऱ्यांच्या कड्या नुसत्या वाकवून टेकवलेल्या. पण त्यांत पोलादी कड्यांमध्ये पितळेच्या, तांब्याच्या कड्या गुंफून काय नक्षी काढली आहे! काही तर लांबून पाहिली की वाटावं, चौकटीची चादरच पांघरली आहे. १९६६ साली पॅरिसमध्ये पाको राबान नावाच्या तरुणानं न घालता येण्याजोगे बारा पोशाख म्हणून प्लॅस्टिक आणि धातूचे तुकडे कड्यांनी जोडलेले कपडे दाखवले आणि खळबळ उडवून दिली. त्याची आई शिवणकाम करणारी होती, बालेन्सियागाच्या पेढीत. आईच्या बोटातली सुई मुलाच्या हातात पकड होऊन आली, त्याला तिनं काय म्हटलं असेल? “घालायचं कसं रे हे?” एवढंच, बहुतेक. आमच्याकडेही तोच प्रश्न विचारला गेला.

आणि किल्ला? खिडकीतून दिसत नाही, पण आमचा भुईकोट इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर. निजामशाही आणि आदिलशाही या दोघांनी त्याच्यासाठी इतकी वर्षं भांडून घेतलं की शेवटी तो सोळाव्या शतकात चांदबिबीच्या लग्नात हुंडा म्हणून देऊन टाकला गेला. तटावरच्या पहाऱ्यावर अशीच जाळीची चिलखतं घातलेली माणसं उभी राहिली असतील आणि संध्याकाळी ती उतरवताना घामानं गंजू नयेत म्हणून कुणीतरी तेलाचं बोट फिरवलं असेल. एके काळी लग्नात किल्ला देणारं हे गाव आता टॉवेल देतं. माझ्या मते प्रगतीच आहे. टॉवेलासाठी अजून कुणी वेढा घातलेला नाही.

“घालायचं कसं” याचं उत्तर अखेर हिनंच काढलं. नातवाला पहिल्यांदा घातलं तेव्हा तो किंचाळला, कारण कड्यांनी मानेवरचे केस पकडले. चिलखत कधीच नुसत्या अंगावर घालत नसत, आत जाड गादीचा अंगरखा लागे. कड्या धार अडवतात, घाव अडवत नाहीत. हे मी वाचलं होतं आणि सोयीस्करपणे विसरलो होतो. हिनं काही वाचलं नव्हतं. तिनं कपाटातली, आमच्या लग्नातली, मोराची सोलापुरी चादर काढली. फाटली होती, तरी टाकवत नव्हती. तिची बंडी शिवली, आत जुन्या लुगड्याचा थर दिला. त्यावर चिलखत बसलं आणि एकदम ते शोभेचं राहिलं नाही. कड्यांच्या भोकांतून मोराची निळी शेपूट थोडी-थोडी दिसत होती. पोरगं आरशासमोर उभं राहिलं आणि पहिल्यांदाच गप्प झालं.

पण कुठंतरी बोचत होतं. तीन हजारांत एखादी कडी नीट मिटलेली नव्हती. ती डोळ्यांना सापडत नाही. मी भिंग घेऊन तासभर पाहिलं. हिनं तांदळातला खडा शोधावा तसा तळवा फिरवला आणि डाव्या कुशीपाशी थांबून म्हणाली, “इथं.” मी ती कडी पिळायला गेलो तर ती तुटली. तिच्या शेजारच्या दोघी ढिल्या झाल्या, आणि चिलखताला बगलेत रुपयाएवढं भगदाड पडलं. रात्रीचे दहा वाजले होते, कार्यक्रम सकाळी आठला, आणि माझी बोटं इतकी सुजली होती की पकड धरवत नव्हती. सकाळी लवकर उठून बघू म्हणालो. सकाळी उठायला उशीर झाला. तोवर लेक पोराला तयार करून शाळेत घेऊन गेली होती.

कार्यक्रमाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एकूण सात शिवाजी महाराज होते. आमच्या महाराजांनी मुजरा स्वीकारला, एक वाक्य म्हटलं, दुसरं विसरले आणि खाली उतरताना छण्‌छण्‌ असा आवाज आला. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. तिथं अण्णा बसले होते, आणि त्यांनी डोळे मिटले होते.

पुढच्या वर्षी लेक-जावई पुण्याला गेले. चिलखत इथंच राहिलं, ट्रंकेत. कड्यांच्या कापडाची एक खुबी मात्र कुठल्याच कापडाला नाही: पोर वाढलं की कूस उघडायची आणि दोन रांगा आणखी घालायच्या, शिवण दिसत नाही. तेव्हा दर दिवाळीच्या आधी मी लेकीला फोन करून नातवाच्या छातीचं माप विचारतो. ती ते सेंटिमीटरमध्ये सांगते. तो आता फुटबॉल खेळतो आणि महाराज होण्याचं त्याच्या डोक्यातून गेलंय, हे ती सांगत नाही, मी विचारत नाही.

यंदा दोन्ही बाजू सारख्या वाढवायला हव्या होत्या. आजवर मी उजवीच कूस उघडत आलो होतो. डावी पहिल्यांदाच उजेडात धरली. तिथं भगदाड नव्हतं. तुटलेल्या कडीच्या जागी लाल सुताचा एक वेढा होता, चौघींना धरून असलेला, आणि त्याची गाठ इतकी बारीक की नखालाही लागेना. ती विणकराचीच गाठ. मागावर धागा तुटला की एका हातानं, डोळ्याची पापणी लवायच्या आत मारतात ती. त्या रात्री दहानंतर कुणीतरी गेट उघडून आत आलं होतं. हिला विचारलं तर ती भाजी निवडत राहिली.

मी उजव्या-डाव्या दोन्ही कुशींत दोन-दोन रांगा घातल्या, सूत तसंच ठेवलं. संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर बसले होते. चिलखत त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि लाल धाग्यावर बोट टेकवून नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. अण्णांनी बोट जिभेला लावलं, धाग्यावर घासलं, उजेडात धरलं.

“पक्का आहे,” ते म्हणाले. “धुवायला हरकत नाही.”